आईचा आकडा आणि तुझा

बाणेर,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २००३

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी आईच्या रक्ततपासणीतला आकडा अडुसष्ट लिहिला होता. तो अठ्ठावन्न पूर्णांक सहा आहे. रिपोर्ट तेव्हा थोरल्या काकींच्या ट्रंकेत जाऊन बसला होता आणि मी आठवणीवर विसंबले. तू मला ओसरीवर बसवून पाटी शिकवत होतीस तेव्हाचा तुझा नियम अजून पाळते: चूक थुंकी लावून पुसायची नाही, तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर ते लिहायचं, म्हणजे कुठे चुकलं ते उद्याही दिसतं. ही ती रेघ. पण ही लहान रेघ आहे. मोठी पुढे मारायची आहे आणि तिथपर्यंत पोचायला मला तीन-चार पानं लागतील. माझी सवय तुला माहीत आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी दारातून तीनदा परत जाते, आणि काही कबूल करायचं असलं की घराला प्रदक्षिणा घालत बसते.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. बाणेरहून येरवड्याला दोन बस आणि एक-सव्वा तास, पोस्टाला मात्र तीन दिवस लागतात, तरी तुझं लग्न झाल्यापासून आपण दोघी पोस्टावरच आहोत, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं म्हणते. कार्डावर तुझ्या नेहमीच्या सरळ ओळी. "तुझं पत्र वाचलं आणि माझाही रिपोर्ट पर्समधून काढला. माझा आकडा एक्केचाळीस. म्हणजे तुझ्या तक्त्याप्रमाणे मीही सुटले. मंगळवारची सोनोग्राफी रद्द केली आणि तेवढ्या वेळात चौथी ब चे पेपर तपासून टाकले." सोनोग्राफी कशासाठी होती ते लिहिलं नव्हतंस. ते कार्ड मी डब्याच्या पिशवीत ठेवलं, बुधवार पेठेत प्रकाशकांच्या कचेरीत जाऊन बसले आणि दिवसभरात गणिताच्या गाइडाची सहा पानं जेमतेम तपासली. एरवी चाळीस होतात. आत्या, ती तपासणी तू माझ्या पत्रामुळे रद्द केलीस. बाकीचं काहीही विसरलीस तरी चालेल, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

तर आईचं. तिला एप्रिलपासून पाळी आली नव्हती. भाकरी थापता थापता ती एकदम लाल व्हायची, परात तशीच सोडून मागच्या दारात उभी राहायची आणि पदराने वारा घ्यायची. पहाटे उठून ओल्या फडक्याने मान पुसायची. दादांना वाटलं गॅसची धग लागते, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवून घेतला. तो पहिल्यांदा लावला तेव्हा आईने आधी पंख्याकडे आणि मग दादांकडे असं पाहिलं की ते दोन दिवस बाहेरच्या खोलीत जेवले. मी आपली वहीत लिहून ठेवत होते, किती वेळा, कधी, किती मिनिटं. आईला ती वही सापडली. ती म्हणाली, "माझं दूध घालतेयस का डेअरीला?" मी वही बंद केली, पण मनातल्या मनात मोजत राहिले.

एवढ्यावरच राहिलं असतं, पण मध्ये घट आला. आपल्या घरची रीत तू लहानपणापासून पाहिलीस, तरी लिहिते, कारण सगळं तिथेच अडलं. घटाला जी बसेल तिने नऊ दिवस माळ, दिवा आणि धानाला पाणी, सगळं स्वतःच्या हाताने करायचं, मध्ये खंड नको. म्हणून जिची पाळी कायमची गेली आहे तिनेच बसायचं. थोरल्या काकी बावीस वर्षं बसल्या. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. आणि आई सव्वीस वर्षं शेतातली काळी माती चाळून आणते, धान निवडते, झेंडूच्या माळा ओवते आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेरून आत देते. मला बसायचंय असं ती कधी म्हणाली नाही. पण पितृपक्षात एकदा काकींनी तिला विचारलं, "सरू, तुझं काय? सुटलीस का अजून हायेच?" आई म्हणाली, "पाच महिने झाले, अक्का." काकी म्हणाल्या, "पाच म्हंजे काय पक्कं न्हवं. सर्वपित्रीच्या आत पक्कं सांग." त्या संध्याकाळी आईने धान निवडताना एकही खडा खाली टाकला नाही, सगळे ओंजळीत धरून बसली होती. तिला किती हवंय हे मला तेव्हा कळलं.

पक्कं हा शब्द माझ्या डोक्यात बसला. कोथरूडला एका लॅबच्या दारावर चाळिशीपुढच्या बायकांच्या तपासण्यांची पाटी होती, त्यात हार्मोन्सही होते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नव्हती. मी आईला घेऊन गेले, तिचं रक्त दिलं आणि मंगळवारी रिपोर्ट आणला. एफएसएच, आणि समोर आकडा. शेजारी बारीक अक्षरात तक्ता: पाळीच्या पहिल्या भागात इतका, मधल्या दिवसांत इतका, नंतर इतका, आणि शेवटच्या ओळीत, पाळी कायमची थांबल्यावर, पंचवीसच्या पुढे. मी तो तक्ता चार वेळा वाचला. पट्टी लावून वाचला. अठ्ठावन्न पूर्णांक सहा शेवटच्या ओळीत जात होता, शंकाच नव्हती. तिथे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. पानाच्या तळाशी एक वाक्य होतं, निष्कर्ष डॉक्टरांच्या सल्ल्याने काढावा. दिवसभर मी छापलेलं तपासते. असली वाक्यं छापायची म्हणून छापतात अशी माझी समजूत. त्याच्यातही चूक नव्हती म्हणून मी पुढे गेले.

आता मोठी रेघ. काकी चौकात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणत्यात?" आणि मी म्हणाले, "संपली म्हणतात." आत्या, कुठल्याही डॉक्टरने तो कागद पाहिला नव्हता. आई जिथे दाखवते त्या कोथरूडच्या डॉक्टरबाई दहा-बारा दिवस गावाला गेल्या होत्या आणि सर्वपित्री परवावर आली होती. मी वाचलंय असं म्हटलं असतं तर काकींनी लसणाची पाकळीसुद्धा खाली ठेवली नसती. दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिलं त्यातही मी "डॉक्टर म्हणाल्या की आता संपली, पंचवीसच्या पुढे गेलं की संपलीच" असं लिहिलं. त्यातला तक्ता लॅबचा, निष्कर्ष माझा, आणि डॉक्टर मी घातलेल्या. तेविसाव्या वर्षापर्यंत मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. आकडा चुकला ती आठवणीची चूक. ही तशी नाही.

काकींनी रिपोर्ट मागून घेतला, कुंकवाचं बोट लावलं आणि जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवला. आणि आई घटाला बसली. तुला ती दिसायला हवी होती. हिरवं इरकल, केस धुतलेले, आणि माती पसरताना हात असा फिरत होता जसा फक्त स्वतःच्या वाफ्यात फिरतो. धान तिने पेरलं. पहिल्या माळेला तिने मला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि माळ आत घेतली, तेव्हा तिला हसू आवरेना, कारण सव्वीस वर्षं माळ देणारी ती आणि आज घेणारीही तीच. चार दिवस तिला एकदाही वाफ आली नाही, किंवा आली असेल तर तिने सांगितलं नाही. दिव्याची वात सारताना गुणगुणत होती. दादा पंखा न लावता स्वयंपाकघरात जेवले.

पाचव्या माळेला सकाळी आठच्या सुमाराला ती घटासमोरून उठली. मी फुलं घेऊन आत येत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. बसून राहिली असती तर कुणालाही काही समजलं नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती सरळ चौकात गेली आणि काकींना म्हणाली, "अक्का, मला आली." एवढंच. मी मागे फुलांची परडी धरून उभी. घट मोडतो का, पुढे काय, कुणाचा दोष, सगळं एकदम मनात आलं, आणि मी बोलून टाकलं की डॉक्टरांना दाखवलंच नव्हतं, तो निकाल मी माझ्या मनाने लावला. काकींनी ऐकून घेतलं. मग त्या आईलाच म्हणाल्या, "अगं, मला आकडा कुठं दिला हुता कुणी? तीन वर्सं येत हुती न जात हुती. एकदा आठ म्हैनं गेली आन पोळ्याला परत हजर." नंतर माझ्याकडे वळल्या. "बाईचं अंग म्हंजे लाइटचं मीटर हाय व्हय? एकदा वाकून बघितलं आन लावलं बिल."

मग त्यांनी हॉलमधली लाल प्लास्टिकची खुर्ची देवघरात न्यायला लावली. गुडघ्यांनी जमिनीवर बसायला नकार दिला होता, खुर्चीवर बसायला नाही. उरलेल्या माळा काकींनी त्या खुर्चीवर बसून, लांब दांड्याच्या उलथन्याने वात सारत केल्या. आई उंबऱ्याबाहेर बसून त्यांना पाणी किती घालायचं ते सांगत होती, कारण धान तिचं होतं. काकी म्हणत होत्या, "शिकीव आता मला, बावीस वर्सांनी." दोघी दिवसभर भांडत होत्या आणि घर इतकं प्रसन्न मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत खुर्ची कुणाला कशी सुचली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

शनिवारी डॉक्टरबाई परत आल्या. मी आईला घेऊन गेले आणि काकींच्या ट्रंकेतून काढून आणलेला रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन्सिलीच्या खुणेकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, मी. "छान. मग मी कशाला बसलेय इथे?" त्यानंतर मात्र त्यांनी नीट समजावलं, आणि ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण या वेळी डॉक्टर खरोखर म्हणाल्या आहेत. बीजकोषाने काम करावं म्हणून मेंदूकडून त्याला हाक जाते. बीजकोष ऐकेनासा झाला की हाक मोठी होते. एफएसएचचा आकडा म्हणजे त्या हाकेचा आवाज. पाळी कायमची गेली की आवाज चढा राहतो, हे खरं. पण जायच्या आधीच्या काही वर्षांत बीजकोष एखाद्या महिन्यात ऐकत नाही आणि पुढच्या महिन्यात ऐकतो, त्यामुळे आकडा आज साठ आणि पुढच्या महिन्यात आठ असू शकतो. "तुम्ही एक दिवस दाराबाहेरून हाक ऐकलीत आणि घरात कुणी राहत नाही असं ठरवून टाकलंत," त्या म्हणाल्या. पंचेचाळीस उलटलेल्या बाईच्या बाबतीत त्या हा आकडा बहुधा बघतही नाहीत. पाळीच्या तारखा आणि त्रास विचारतात. सलग बारा महिने पाळी आली नाही, तर संपली म्हणायचं. मधे आली की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, खात्रीसाठी परत एकदा एफएसएच करू या का? त्या म्हणाल्या, "तुमच्या खात्रीसाठी की आईंच्या?" आईला हसू फुटलं. आईचं थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, दोन्ही चांगलं आहे. रात्री वाफा येतात त्यावर काय करता येईल ते सांगितलं, आणि गरज वाटली तर औषधं आहेत म्हणाल्या. परत येताना आई बसमध्ये म्हणाली, "म्हणजे मी मधल्या गावात आहे. बरं झालं कळलं, मला वाटत होतं मी बिघडले."

दसऱ्याला घट उठला. धान वीतभर आलं होतं, पिवळंधमक, दाट. काकींनी पहिली जुडी खुडली आणि ती देवीनंतर दादांच्या टोपीत जायच्या आधी आईच्या अंबाड्यात खोवली. आई मागे सरकायला लागली. काकी म्हणाल्या, "उभी ऱ्हा. पेरलंस तू. बी काय कागद बघून उगवतं?" पुढच्या वर्षी कोण बसणार हे कुणी ठरवलेलं नाही. खुर्ची मात्र काकींनी परत हॉलमध्ये नेऊ दिली नाही. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरात पाचव्या माळेच्या तारखेला पेन्सिलीने एक ठिपका दिला आहे. मी ती तारीख कुठेही लिहून ठेवलेली नाही. ती मोजेल.

असं सगळं आमच्याकडे गोड झालं, आणि तेवढंच असतं तर हे पत्र मी नेहमीसारखं चौकातल्या पेटीत टाकलं असतं. पण ज्या दिवशी तुझं कार्ड आलं, त्याच संध्याकाळी तुमच्या घरून श्याममामांचा फोन आला. ते मला दर फोनला "कशी आहेस, देतो" एवढंच म्हणतात. त्या दिवशी त्यांनी तुला फोन दिला नाही; तू शेजारी हळदीकुंकवाला गेली होतीस. तुला दर तीन आठवड्यांनी पाळी येते आणि नऊ-नऊ दिवस जात नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना तू दोनदा पायरीवर बसतेस, आणि हिमोग्लोबिन आठ असलेला कागद तू गव्हाच्या डब्यात ठेवला आहेस, हे त्यांनी एका दमात सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस. आईची पाळी येत नव्हती म्हणून मी चुकले, पण तुझी तर थांबतच नाही, आणि तरी तू माझा तक्ता धरलास. तुला भीती वाटत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं ते काम घरात माझ्याकडे आहे. डॉक्टरबाईंना मी ओळखीच्या एक बाई म्हणून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढा रक्तस्राव होत असेल तर आकडा कितीही असो, आतून बघायलाच हवं. बहुतेकदा साधं कारण निघतं आणि इलाज होतो, पण बघितल्याशिवाय साधं म्हणायचं नाही. मग वही ओढून त्यांनी विचारलं, "ओळखीच्या बाई कधी येतायत?" मी वेळ घेतली. तुला न विचारता घेतली, ही या पत्रातली तिसरी रेघ, आणि ही मात्र मी दुरुस्त करणार नाही. हे तोंडाने सांगायला गेले असते तर तू मला दोन वाक्यांत गप्प केलं असतंस, म्हणून लिहिलं. आणि पोस्टाने पाठवलं असतं तर तू ते पर्समध्ये ठेवून चौथी ब कडे गेली असतीस, म्हणून स्वतः घेऊन आले आहे. तू वाचते आहेस आणि मी समोर तुझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आहे. मधे काही बोलायचं नाही असं मी ठरवलंय, तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, शेवटपर्यंत वाच. श्याममामांनी शाळेत तुझ्या रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे. डब्यातला कागद काढून घे. जिना उतरताना घाई नाही, रिक्षा थांबवून ठेवली आहे. वेळ साडेअकराची आहे, आणि आज गुरुवार, ९ ऑक्टोबर.

तुझीच, पाटीवरची,
तुळजा